सर काय म्हणाले

पिवळा चेंडू माझ्या हातात आला होता. म्हणजे आता मला बोलणं भाग होतं.

आमच्या ऑफिसातली ही पद्धत. चादरी, पडदे, रजया विकणारी कंपनी. गुडगावातली काचेची इमारत. सोमवारी सकाळी आमच्या टीमने बूट काढायचे, गालिच्यावर गोल बसायचं आणि एक मऊ पिवळा चेंडू फिरवायचा. ज्याच्या हातात चेंडू, त्याने नवी कल्पना सांगायची. नियम दोन. इथे कुणी सर नाही, कुणी मॅडम नाही. आणि कुणाच्याही कल्पनेला 'नाही' म्हणायचं नाही. हे नियम अभयसरांनी आणले. पुण्याहून आलेले आमचे व्हाइस प्रेसिडेंट. "मला नुसतं अभय म्हणा," असं ते सगळ्यांना सांगायचे. सगळे अभयसरच म्हणायचे.

माझ्या गुडघ्याला टेकून एक कापडी पिशवी होती. पिशवीत आईची गोधडी. मी ती मुद्दाम घरून आणली होती. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो तेव्हा आई तिथल्या बाजारातल्या शिंप्यांकडून कापलेल्या कापडांचे तुकडे मागून आणायची. ते तुकडे जुन्या लुगड्यावर मांडून टाके घालायची. त्या गोधडीत परदेशी शर्टांच्या पट्ट्या आहेत, लहान मुलांच्या फ्रॉकची फुलं आहेत, कुणाच्या तरी नाइटसूटचे ढग आहेत. तसली गोधडी मी अजून कुठे पाहिलेली नाही. महाराष्ट्रातही नाही, दिल्लीतही नाही.

मी बोललो. हिंदीत, आमच्या मीटिंगा हिंदीतच चालतात. म्हणालो, पानिपतच्या ज्या कारखान्यांत आपला माल विणला जातो तिथे कापडाचे तुकडे उरतात. त्यांच्या गोधड्या करू. प्रत्येक वेगळी. दोन घरांत सारखी नाही. बोलता बोलता माझा हात पिशवीत गेला.

अभयसर हसले. छान, मोकळं हसू. आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले,

"तुझ्या वस्तीतल्या चिंध्या इथे कुठे आणतोस, राजा? आधी धुऊन तरी घे. अर्थात, तो वास काही जायचा नाही."

टीममध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच.

सगळे हसऱ्या तोंडाने थांबले होते. सर हसले म्हणजे काहीतरी गमतीचं असणार. सीमा नावाची एक मुलगी नुकतीच डिझायनर म्हणून लागली होती. पानिपतची. तिने विचारलं, "क्या कहा सर ने? हमें भी बताइए."

अभयसर माझ्याकडे बघत राहिले. तूच सांग, असं.

आणि मी सांगितलं. "सर कह रहे हैं, अपने गाँव की याद आ गई. वहाँ घर-घर में होती है."

"सो स्वीट," कुणीतरी म्हणालं. सीमा हसली. मीही हसलो. दात दाखवून हसलो. पिशवीतला हात तसाच बाहेर काढला, रिकामा, आणि चेंडू पुढे टाकला.

सरांनी माझ्या कल्पनेला 'नाही' म्हटलं नव्हतं. नियम पाळला होता.

संध्याकाळी घरी आलो. आई दारातच उभी. "साहेब काय म्हणाले?"

"आवडली त्यांना," मी म्हणालो.

एका दिवसात दोनदा. तिकडे एक खोटं, इकडे दुसरं. मधे मी.

हे पुढे कितीतरी दिवस मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मी फार न बोलणारा माणूस आहे असं लोक म्हणतात. लोकांना वाटतं, स्वभाव. स्वभाव वगैरे काही नाही. शिकवलेलं आहे ते.

माझे वडील केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क होते. आम्ही बौद्ध. आमच्या घरी निळ्या कोटातला तो फोटो होता, पण आतल्या खोलीत, कपाटाशेजारी. बाहेरच्या खोलीत कॅलेंडर. वडील म्हणायचे, "बाहेर आपण मराठी. बास. त्याच्या पुढे कुणी विचारत नाही, आपण सांगायचं नाही." आणि खरंच, दिल्लीत कुणाला कळायचं नाही. इथे लोक सरळ विचारतात, "आगे क्या लगाते हो?" म्हणजे नावापुढे काय लावता. आडनावावरून माणूस कुठल्या फळीवर ठेवायचा ते त्यांचं पटकन ठरतं. पण आमचं आडनाव ऐकलं की ते गोंधळायचे. त्यांच्या फळ्यांवर ते कुठेच बसायचं नाही. "अच्छा, मराठी हो! वडा पाव!" की झालं. शाळेत मी वडा पाव होतो. कॉलेजात वडा पाव होतो. वडील हसून म्हणायचे, "दिल्लीने आपल्याला आडनावातून सोडवलं रे."

सोडवलं वगैरे काही नव्हतं. फक्त वाचता येणारा माणूस अजून आला नव्हता.

तो आला तेव्हा मला आनंद झाला, हे लिहायला आज लाज वाटते. अभयसर जॉइन झाले त्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "मराठी ना तू? चल, आज आपलं जेवण जेवू." त्यांच्या गाडीतून आम्ही थेट कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये गेलो. पिठलं, भाकरी, ठेचा. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "हं, आता माणसात आलो." मग विचारलं, आडनाव काय म्हणालास? मी सांगितलं. गाव? सांगितलं. तालुका? सांगितला. गावात घर कुठल्या बाजूला?

हा प्रश्न दिल्लीत मला कुणी विचारला नव्हता. मला उत्तर येत होतं. आजीचं घर ओढ्यापलीकडे होतं. मी म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडे."

"अच्छा," ते म्हणाले.

एवढंच. पण त्या 'अच्छा'नंतर जेवण होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. पाण्याचा जग माझ्याजवळ होता. त्यांनी वेटरला बोलावून दुसरं पाणी मागवलं. कदाचित त्यांना गार हवं असेल. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय, गार हवं असेल. परत कधी त्यांनी मला जेवायला नेलं नाही. मराठीत मात्र ते मला अरे-तुरेच करत राहिले. हिंदीत 'आप'. इंग्रजीत 'माय फ्रेंड'.

चेंडूच्या त्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला टीम लीडर केलं. लोकांनी अभिनंदन केलं. मीही पेढे वाटले. मला का केलं ते मला ठाऊक होतं. ज्या माणसाने स्वतःचा अपमान गोड करून वाढला, तो काहीही गोड करून वाढेल.

कंपनीने मला ट्रेनिंगला पाठवलं. टीमची प्रतिभा कशी फुलवावी. हॉटेलात दोन दिवस. तिथल्या बाईंनी सांगितलं, माणसाला भीती वाटत नसेल तरच त्याला नवं सुचतं. लीडरचं पहिलं काम ती भीती काढणं. मी मान डोलावली. सगळं बरोबर होतं. परत आलो आणि नेमकं उलटं केलं.

केलं म्हणजे कसं, ते सांगतो. कारण ते दिसत नाही. मी कुणावर ओरडलो नाही. सोमवारच्या आधी, शुक्रवारी, मी एकेकाला चहाला न्यायचो आणि विचारायचो, "तुम क्या बोलने वाले हो?" ऐकून घ्यायचो. मग अगदी मायेने म्हणायचो, "ये रहने दो यार. सर को पसंद नहीं आएगा." बास. दुसरं काही नाही. मला वाटायचं, मी त्यांना वाचवतोय. मला जे झालं ते त्यांना व्हायला नको. मी चाळणी झालो होतो. आणि चाळणीतून खाली काय पडायचं? त्याच जुन्या चादरी, नवीन रंगनावं देऊन. राखाडीला 'पहाटेचं धुकं' म्हणायचं आणि गुलाबीला 'सांजगुलाब', तेही इंग्रजीत. गोल बसायचो, चेंडू फिरायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. माझी टीम सगळ्यांत शहाणी म्हणून नावाजली गेली. त्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बेधडक बोला. त्या भिंतीला पाठ लावून मीच बसायचो.

सीमा मात्र चाळणीत अडकायची नाही.

एका शुक्रवारी तिने मला तिची कल्पना सांगितली. पानिपतला परदेशातून जुने लोकरी कपडे येतात. कोट, स्वेटर, सगळं वापरलेलं. बायका बसून त्यांची बटणं कापतात, चेन उसवतात आणि रंगाप्रमाणे ढीग लावतात. लालात लाल, हिरव्यात हिरवा. मग ते फाडून पुन्हा सूत काततात आणि ब्लँकेटं विणतात. सीमाची आई त्या ढिगांवर बसून काम करायची. सीमा म्हणाली, ढीग रंगाचेच असतात, तर सूत पुन्हा रंगवायचं कशाला? न रंगवता विणू. आणि लपवायचं नाही. खुलेआम लिहू, हे वापरलेल्या कोटांचं ब्लँकेट आहे. जुन्या कोटाचा हिरवा रंग तुम्हाला कुठल्या डाइंगमध्ये मिळणार नाही.

मला माझी पिशवी आठवली.

आणि मी म्हणालो, "अच्छा है. लेकिन पानिपत मत बोलना. मम्मी वाली बात तो बिल्कुल नहीं. घर को बीच में मत लाओ."

ती म्हणाली, "सर, घर का ही तो पता है मुझे. बाकी सब तो मैंने भी इंटरनेट पर देखा है."

मग तिने विचारलं, "आपने तो बोला था ना एक बार, वो गोधड़ी वाला. उसका क्या हुआ?"

"कुछ नहीं."

"सर को तो अच्छा लगा था."

चहा संपला होता तरी मी कप तोंडाला लावला.

सोमवारी चेंडू तिच्याकडे गेला आणि ती सगळं बोलली. पानिपत, आई, ढीग, बटणं. मी गालिच्याकडे बघत होतो. ती चांगलं बोलत होती. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत लोक नुसते बसलेले नव्हते, ऐकत होते. एकाने विचारलं, काळ्या कोटांचं काय? दुसरा म्हणाला, कोटाची एखादी जुनी कॉलरपट्टी आत शिवली तर? कल्पनेला कल्पना फुटत होती. ट्रेनिंगच्या बाई जे सांगत होत्या ते हेच, मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो.

अभयसरांनी खुर्चीत, म्हणजे त्यांना गुडघ्याचा त्रास म्हणून खुर्ची असायची, पाय पसरले. तेच मोकळं हसू. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले,

"दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांची सवयच असणार हिला. आडनाव विचार तिचं, म्हणजे कळेल."

परत तसंच. सगळे हसऱ्या तोंडाने थांबले. मी काय सांगतो ते ऐकायला.

या वेळी सीमाने काही विचारलं नाही. चेंडू मांडीत धरून ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाली, "उतरन बोला ना?"

तिला तेवढा एक शब्द कळला होता. तेवढा पुरेसा होता. हा शब्द सगळ्या भाषांत बरोबर कळतो.

माझ्या तोंडात गोड वाक्य तयार होतं. खोटं नाही सांगत, तयारच होतं. 'सर कह रहे हैं, सस्टेनेबल आइडिया है.' अगदी ओठांवर. इतकी वर्षं केलेली सवय.

आणि माझ्या तोंडून दुसरंच बाहेर पडलं.

"सर कह रहे हैं, इसे दूसरों के उतरे हुए कपड़ों की आदत होगी. और मुझसे कह रहे हैं, इसका सरनेम पूछो, पता चल जाएगा."



मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा कधी सुरू झालो नसतो. म्हणालो, "और जब मैंने गोधड़ी की बात की थी, तब सर ने गाँव की याद वाली बात नहीं कही थी. सर ने कहा था, अपनी बस्ती के चिथड़े यहाँ कहाँ ला रहा है. पहले धो तो ले. वैसे वो बू जाएगी नहीं. मैंने तब झूठ बोला था."

अभयसरांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे हसायचे थांबले. "अरे, गंमत केली मी," ते मराठीत म्हणाले. "आपल्यातली गोष्ट अशी चारचौघांत काढतात का?"

आपल्यातली. कँटीनमधल्या त्या 'अच्छा'पासून पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यात घेतलं होतं.

"हिंदी में बोलिए, अभय," मी म्हणालो. "सबके सामने."

त्यांच्याच नियमाप्रमाणे. नुसतं अभय.

मीटिंग संपली. चेंडू कुणी पुढे टाकला नाही. सीमाने तो गालिच्यावर ठेवला आणि बूट घातले.

मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. आभार वगैरे. माणूस लबाड असतो, धैर्य दाखवलं की लगेच मोबदला शोधतो. लिफ्टपाशी ती भेटली. म्हणाली, "उस दिन आपसे मैंने ही पूछा था ना? सर ने क्या कहा?"

"हाँ."

"और आपने मुझे हँसाया था. उस बात पर."

लिफ्ट आली. ती गेली. मी जिन्याने उतरलो.

घरी गेल्यावर आईला सांगितलं. तिने गोधडी त्या दिवसापासून बिछान्यावर वरच ठेवली होती, साहेबांना आवडलेली म्हणून. पाहुणा आला की सांगायची. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. वस्ती, चिंध्या, वास. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे बाबा, नोकरी सांभाळ. वडील असते तर तेच म्हणाले असते.

आईने गोधडीवरचा एक सुटलेला टाका बोटाने दाबला. मग विचारलं,

"ते बोलले ते बोलले. तू हसलास कशाला?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. गावातलं घर कुठल्या बाजूला, या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. याचं येत नाही.

दोन-तीन दिवसांनी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला. फार सभ्य बाई. म्हणाल्या, कंपनीत वातावरण बिघडायला नको. अभयसरांना वाईट वाटलंय. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना विनोदाचा अर्थ बदलतो, असं होतं. "आप बस अगले सोमवार टीम से इतना कह दीजिए कि ट्रांसलेशन में थोड़ी गलती हो गई थी. लीडर आप ही रहेंगे. बात ख़त्म."

मी विचारलं, "और सीमा?"

"वो छोटी है. समझ जाएगी."

मी काही न बोलता उठलो. त्यांनी ते 'हो' धरलं. माझ्या गप्प बसण्याला सगळे 'हो'च धरत आले होते. त्यांची चूक नाही.

सोमवारी आम्ही गोल बसलो. अभयसर खुर्चीत. एचआरच्या मॅडमही आल्या होत्या, बूट काढून, गालिच्याच्या कडेला. चेंडू पहिला माझ्याकडेच टाकला गेला. मी झेलला.

"ट्रांसलेशन में गलती हुई थी," मी म्हणालो.

मॅडमनी मान डोलावली. अभयसर खुर्चीत सैलावले. सीमा खाली बघत होती.

"पहली बार हुई थी," मी म्हणालो. "दूसरी बार नहीं. दूसरी बार एक-एक शब्द सही था."

आणि चेंडू खाली ठेवला.

टीम माझ्याकडून काढून घेतली. कारण दिलं, नव्या विचारांना नवं नेतृत्व हवं. माझ्या जागी आलेला मुलगा वाईट नाही. शुक्रवारी तोही एकेकाला चहाला नेतो, मी बघतो. सीमाच्या ब्लँकेटला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही; पण ते ब्लँकेट कधी विणलं जाणार नाही. ती दुसरी नोकरी शोधते आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. तो तिचा हक्क आहे. अभयसर आहेत तिथेच आहेत, आणि भिंतीवर बेधडक बोला अजून लिहिलेलं आहे.

मी राजीनामा दिलेला नाही. देणार नाही. मी गेलो तर त्या खोलीत मराठी कळणारा एकच माणूस उरेल, आणि तो काय बोलला हे कुणाला कळणार नाही. निळ्या कोटातला तो फोटो मी बाहेरच्या खोलीत लावला. पण भिंतीवर खिळा मारणं सोपं असतं. अवघड ते ऑफिसात आहे, ते मी रोज नऊ वाजता जाऊन करतो.

सोमवारी मी गोलात बसतो. चेंडू माझ्याकडे येत नाही. न येऊ दे. मला बोलायला चेंडू लागत नाही, हे मला उशिरा कळलं. अभयसर आता माझ्यासमोर मराठीचा एक शब्द काढत नाहीत. पण कधीतरी काढतील, जुनी सवय आहे. हसतील, माझ्याकडे बघतील आणि बोलतील. कुणीतरी नवीन मुलगी विचारेल, सर काय म्हणाले?

मी सांगणार आहे. शब्दाला शब्द. साखर न घालता. आणि हसणार नाही.